दवाई फाटली

३ ऑगस्ट १९५९, सोमवार. बोरदरा

पंपाचा वॉशर फाटलेला, तोट्या मागितल्या तीन आणि आली एक, आणि गट कचेरीच्या पत्रात काय, तर ‘प्रात्यक्षिक यशस्वी करून दाखवावे.’ मी शेतकी सहायक आहे, जादूगार नाही. हे पत्राच्या उत्तरात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो.

येऊन तीन आठवडे झाले. तुळसाबाई पाटलिणीने आपली आठ एकर कपाशी प्रात्यक्षिकाला दिली आहे. नवरा गेल्यापासून बाई एकटी शेत सांभाळते आणि गावातल्या चार पुरुषांपेक्षा नीट सांभाळते. मला राहायला खोली दिली, दोन्ही वेळचे जेवण दिले, आणि रोज सकाळी घासलेली कळशी भरून पाणी पाठवते. पाणी गोड आहे. नागपूरच्या वसतिगृहातही असे पाणी प्यालो नव्हतो.

कपाशीवर मावा आणि तुडतुडे बेसुमार. पानांच्या कडा वर वळल्या आहेत. औषध आहे एन्ड्रिन, तेलासारखे. पाण्यात ओतून ढवळले की सगळे दुधासारखे पांढरे होते, मग पायपंपाने मारायचे. पंधरा दिवस पावसाने दडी मारली आहे, म्हणजे मारलेले औषध धुऊन जायची भीती नाही. निदान एवढे तरी माझ्या बाजूने आहे.

फवारायला बळीराम मिळाला. हा गटाच्या शिबिरात पंप शिकून आला आहे. पावणेतीन वर्षांपूर्वी त्याच्या सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली आणि गावकीची जुनी कामे टाकली. तेव्हापासून गावात त्यांना कोणी सुखासुखी काम देत नाही. हे सरकारी काम मिळाले म्हणून तो खूश आहे. पंपाचा एकेक भाग त्याने चिंधीने पुसून ओळीने मांडला, ते पाहून मला बरे वाटले.

त्याला मी बजावले की पाणी स्वच्छ पाहिजे, नाल्याच्या डबक्यातले गढूळ पाणी आणलेस तर तोटी तुंबेल.

“साहेब, नाल्याचंच कापडानं गाळून घेतो ना जी. आमच्या हिरीच्या पान्यात दाळ शिजत नाई.”

“आपल्याला दाळ शिजवायची नाही, बळीराम. तुडतुडे मारायचे आहेत.”

माझ्या बोलण्यावर मी स्वतःच हसलो. तो हसला नाही. मग त्याने आपल्या विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात आणून दाखवले. तळाला धरलेले बोट दिसत होते, इतके नितळ. आणखी काय हवे? एकच गोष्ट कळली नाही. पाटलिणीची विहीर शेताच्या बांधाला लागून आहे, आणि हा बाबा अर्ध्या मैलावरून, वस्तीमागच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणणार. आळशी म्हणावा तर तसा नाही. हट्टी असावा.

७ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली फवारणी झाली, आणि माझे डोके अजून ठणकते आहे. दर दहा मिनिटांनी तोटी तुंबत होती. उघडून पाहावे तर आत लोण्यासारखा चिकट गोळा. स्वच्छ पाणी आणायला सांगितले होते, आणि ही घाण आली कुठून? बळीराम म्हणे, “पिंपातच होऊन राह्यलं साहेब.” मी पिंपापाशी गेलो नाही. उन्हात उभा राहून एवढा वैतागलो होतो की जे बोलायचे ते लांबूनच बोललो. काठीने नीट ढवळ, म्हणालो. तो ढवळतच होता, हेही खरे आहे.

संध्याकाळी त्याचे हात पाहिले आणि पुन्हा भडकलो. हे औषध विषारी आहे, साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचे नाही, असे दहादा सांगितले होते. साबणाची वडी मी स्वतःच्या खिशातून दिली होती. तरी हातांवर पांढरा चिकट मळ तसाच!

“धुतले जी. फेसच येत नाई.”

“फेस येईपर्यंत धुवायचे.”

त्याने वडी पुन्हा हातावर घासायला घेतली. या लोकांना शिकवायचे तरी किती आणि कसे?

११ ऑगस्ट, मंगळवार

तळपायाची आग मस्तकाला गेली आहे. आज सगळे शेत ओळीओळीने फिरलो. प्रत्येक पिंपाच्या सुरुवातीच्या ओळींत तुडतुडे जसेच्या तसे. पान हलवले की ढगासारखे उडतात. आणि पिंप संपत आले तिथल्या ओळी करपलेल्या. पाने तपकिरी, कडक, हातात चुरा होतो. मधल्या ओळी तेवढ्या जरा बऱ्या.

तुळसाबाई बांधावर उभी होती. करपलेले एक झाड उपटून तिने हातात घेतले आणि मला एवढेच म्हणाली, “भाऊ, दवाईनं कीड मरते म्हन्लं होतं तुमी. झाड मरते थे नव्हतं सांगतलं.”

शरमेने मान वर करता येईना. शेजारच्या तांड्यातले पाचसहा जण तमाशा पाहायला आले होते. त्यांच्यात गाडीवान धावजी होता, तो म्हणाला, “साब, ये दवा उलटी है क्या? पहिले पानी, मांगून आग!” सगळे हसले.

शेजारी उभ्या बळीरामच्या अंगाला अजून घासलेटासारखा वास येत होता.

१२ ऑगस्ट, बुधवार

आता सगळे स्पष्ट झाले. औषधात खोट आहे का ते आधी तपासावे म्हणून त्याच डब्यातले चमचाभर औषध खोलीत काचेच्या पेल्यात घातले, वरून कळशीतले पाणी ओतले. क्षणात दुधासारखे पांढरे झाले. तासभर ठेवले, काही वर आले नाही की तळाला बसले नाही. म्हणजे औषध अस्सल आहे. पंपही मी स्वतः तपासला, फाटका वॉशर सोडला तर ठीक आहे. मग उरले कोण?

उरला बळीराम. माझा तर्क असा: त्याने औषध काढून विकले, पिंपात नुसते पाणी घातले, आणि शेवटी रंग-वास यावा म्हणून घासलेट ओतले. म्हणून पहिल्या ओळींत कीड जिवंत आणि शेवटच्या ओळी करपल्या. प्रत्येक खूण जुळते. परीक्षेत असे उत्तर लिहिले असते तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, “साहेब, दवाई फाटली.”

“म्हणजे?”

“दूध फाटते ना जी, तशी. वर तेल, खाली पानी. म्या ढवळलं, थे पुन्ना फाटलं. तुमाले सांगत होतो तं तुमी पिंपाजवळ आले नाई.”

मी त्याला पेला दाखवला. “हे बघ. हेच औषध. का फाटले नाही?”

त्याने पेल्याकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या कळशीकडे पाहिले. मग म्हणाला, “तुमाले मालूम नाई का साहेब?” तेही अशा सुरात, की जणू चोर मीच! मी त्याला चालता हो म्हणालो. अपराधी माणसाला उत्तर सुचत नाही, तेव्हा तो उलट प्रश्न विचारतो.

१५ ऑगस्ट, शनिवार

काल अहवाल पाठवला, काल संध्याकाळीच शिपाई येऊन बळीरामला तालुक्याला घेऊन गेले. सरकारी औषधाच्या चोरीचा आरोप. शिकलेल्या फवारणीवाल्यांच्या यादीतून त्याचे नावही कापले. मी कुणाचे वाईट चिंतत नाही, पण एकाला धडा मिळाला तर दहा सुधारतात.

आज शाळेत झेंडावंदन झाले. मला भाषण करायला लावले. विज्ञान जात पाहत नाही, जो त्याचे नियम पाळेल त्याचे भले करते, असे बोललो. टाळ्या पडल्या. भाषण बरे झाले.

२० ऑगस्ट, गुरुवार

दुसरी फवारणी. या वेळी पंपावर धावजीला घेतले, औषध मात्र मीच मोजून घातले. धावजीने शहाण्यासारखे बांधालगतच्या पाटलिणीच्या विहिरीचे पाणी ओढले, अर्ध्या मैलाची पायपीट केली नाही. पिंपात सुरेख पांढरेशुभ्र मिश्रण झाले. तोटी एकदाही तुंबली नाही. धावजीने हात धुतले तर कोपरापर्यंत फेस.

बळीराम चोर होता याला आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळी तसे धावजीला म्हणालो. तो विडी पेटवता पेटवता थांबला.

“साब, मले काही कळत नाई. पर बळीरामनं चोरी केली आसन, असं नाई वाटत. तुमी पुस्तक शिकेल मानूस.”

“मग करपले कशाने?”

त्याने विहिरीकडे पाहिले, वाड्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मी गाडीवान हाय साब. मले इथंच भाडं भेटते.” याचा बळीरामशी काय संबंध ते मला समजले नाही. सरळ बोलतील तर शपथ, इथली माणसे.

२४ ऑगस्ट, सोमवार

अक्षर वाकडे येते. येऊ दे.

सकाळी दाढी करत होतो तर बळीरामची बायको इंदूबाई दारात येऊन उभी. डोक्यावर मडके. पायरीच्या खाली उभी राहिली आणि मडके पायरीवर आदळलेच म्हणायचे.

“हे आमच्या हिरीचं पानी. टाका यात तुमची दवाई. माह्यासमोर टाका.”

मी म्हणालो, बाई, जे झाले ते कायद्याने होईल.

“कायदा मांगून. पयले दवाई टाका. धा रोज झाले मानूस आत बसून हाय. तुमाले येक पेला पानी घ्याचं होत नाई?”

आवाज ऐकून दोनचार माणसे गोळा झाली. तिला घालवायचे तरी पेला भरणे भाग होते. तिच्या मडक्यातले पाणी एका पेल्यात घेतले, माझ्या कळशीतले दुसऱ्यात. दोन्हींत औषध घातले. कळशीच्या पेल्यात दूध झाले. मडक्याच्या पेल्यातही क्षणभर दूध झाले. मग त्यात दाणे धरले, दाण्यांच्या गाठी झाल्या, गाठी वर आल्या, आणि पाच मिनिटांत वर बोटभर पिवळट साय, तिच्यावर तेलाचे डोळे, खाली नुसते पाणी. पायपंपाची नळी पिंपाच्या तळाला असते. म्हणजे आधी पाणी मारले जाते आणि शेवटी नुसते तेल. पहिल्या ओळींत कीड जिवंत, शेवटच्या ओळी करपलेल्या. आणि तो वास घासलेटाचा नव्हता, औषधाच्याच तेलाचा होता.

खारे, जड पाणी. चुना आणि क्षार विरघळलेले, म्हणून साबणाला फेस नाही, म्हणून डाळ शिजत नाही. हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो आहे. मला त्यात साठ गुण होते! आणि या माणसाने मला डाळीचे सांगितले, फेसाचे सांगितले, दवाई फाटली म्हणून सांगितले. आणखी त्याने काय सांगायचे होते?

मी इंदूबाईला विचारले, “पण त्याने बांधाजवळच्या विहिरीचे पाणी का नाही घेतले?”

तिने पायरीवरचे मडके उचलले. मग गोळा झालेल्या लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “आयका! साहेब इचारते, काहून नाई घेतलं!”

एकही माणूस हसला नाही. सगळे खाली पाहू लागले, आणि तेव्हा मला कळले. सहा आठवडे मी त्या विहिरीचे पाणी पितो आहे आणि मला हे आज कळले. विषाने माखलेले हात तो ज्या पाण्याने धुवत होता त्याला फेस येत नव्हता, आणि मी त्याला घाणेरडा समजलो.

२५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळीच तालुक्याला जाऊन तक्रार मागे घेतली. बळीराम संध्याकाळी सुटला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी म्हणालो, “माझी चूक झाली.” तो म्हणाला, “हो जी,” आणि मोटारीच्या वाटेला लागला. मोटारीत माझ्या शेजारची जागा सोडून मागे बसला.

त्याआधी दुपारी गट विकास अधिकाऱ्यांना सगळे सांगितले होते. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि पानाचा डबा पुढे केला. “हे बघा, चोरी नाही हे बरेच झाले. अहवालात लिहा, मजुराच्या अज्ञानामुळे अयोग्य पाणी वापरले गेले. विषय संपला.”

“अज्ञान त्याचे नव्हते, साहेब.”

“मग कोणाचे, तुमचे? तसे लिहिणार? नोकरी लागून दीड वर्ष झाले तुम्हाला.” मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “खाऱ्या पाण्याला धुण्याचा सोडा घाला, रात्रभर निवळू द्या. काम होईल. विहिरीबिहिरीच्या भानगडीत पडू नका.”

परतताना मोटारीच्या टपावर कोंबड्यांच्या टोपल्या होत्या, त्या सारख्या ओरडत होत्या. मला ड्रायव्हरचा राग आला, कोंबड्यांचा आला, रस्त्याचा आला. ज्याचा यायला हवा होता तो दाढी करताना आरशात दिसतो.

२७ ऑगस्ट, गुरुवार

घाटंजीच्या बाजारातून सोडा मागवला. वस्तीमागच्या विहिरीचे पाणी पिंपात भरून त्यात घातला. सकाळी तळाला पांढरा गाळ बसला होता, वरचे पाणी काढून औषध घातले, फाटले नाही. साहेबांचे खरे ठरले. आणि खरे ठरले म्हणून माझा संताप दुप्पट झाला. चिमूटभर सोड्याने सगळे मिटते! औषधाची सोय झाली, कपाशीची सोय झाली, पाटलिणीची झाली, कचेरीची झाली, माझीही झाली.

बळीरामला दाखवले. मला वाटले तो सुटकेचा श्वास टाकेल. तो पिंपात डोकावून म्हणाला, “बेस झालं. आता कपाशीले बी सोडा टाकेल पानी अन् आमाले बी.”

गावात त्याला ‘दवाईचोर’ म्हणतात. आज एका पोराने हाक मारली तशी. सुटून आला तरी चोरी केली नाही असा कागद कुठे आहे, असे म्हणतात. यादीतले नावही कापलेलेच आहे. कागद माझ्याकडून यायचा आहे.

२९ ऑगस्ट, शनिवार

तुळसाबाईशी बोललो. बाई सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. मी म्हणालो, बळीरामला तुमच्या विहिरीचे पाणी ओढू द्या.

“कायले जी? सोड्यानं काम झालं म्हन्ते ना धावजी.”

“फवारणीसाठी नाही. प्यायला.”

सूप थांबले नाही. “भाऊ, बळीराम बिचारा वाईट नाई. पोलिसानं नेलं तवा म्या सोता इंदीकडं पायलीभर जवारी पाठवली. त्यायच्या पोराच्या लग्नाले मी लुगडं देईन. पर हीर ते हीर हाय. माह्या सासऱ्यानं खांदली. कुनाकुनाले दोर द्याचा हे मी नाई ठरवलं.”

“आता तुम्हीच ठरवायचे आहे.”

“तुमी चार महिन्याचे पाव्हने. तुमी जासान. मले इथंच मराचं हाय, अन् मले खांदा देनारे बी इथलेच.” मग माझ्याकडे पाहून इतक्या मायेने म्हणाली, “चेहरा काहून उतरला? जेवले का नाई सकाळी?”

मला तिच्यावर ओरडायचे होते. या बाईने माझ्या तापात दोन दिवस उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. वाईट माणसावर ओरडणे किती सोपे असते! तरी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. तिने शांतपणे सूप बाजूला ठेवले आणि आत गेली. संध्याकाळी ताट रोजच्यासारखेच आले, वर वांग्याची भाजी. ती मला आवडते हे तिला माहीत आहे. मी जेवलो. याचीही नोंद असावी.

३१ ऑगस्ट, सोमवार

आज मी एक नाटक केले आणि त्याचे फळ मिळाले. पाटलिणीची कळशी परत पाठवली, वस्तीत गेलो, इंदूबाईच्या दारात बसलो आणि म्हणालो, “मला पाणी द्या. आजपासून मी तुमच्याच विहिरीचे पिणार.”

तिने पितळी तांब्या आणून दिला. पाणी तोंडात घेतले आणि जीभ आखडली. कसेबसे दोन घोट गिळले. मला वाटले होते, काय वाटले होते कोण जाणे. तिचे डोळे भरून येतील, असे काहीतरी.

“झालं?” ती म्हणाली. “तुमी आमचं खारं पानी पेऊन आमाले काय भेटलं? आमाले थे गोड पानी पायजे साहेब. तुमच्या तोंडानं आमचं खारं नोको.”

बळीराम आत पंपाचा वॉशर कापत बसला होता. जुन्या टायरचा तुकडा, विळ्याने गोल कापलेला. हे काम मी त्याला दिलेले नाही, कोणी सांगितलेलेही नाही. तो मान वर न करता म्हणाला, “कागद लिवा साहेब. पेनं-गिनं जाऊ द्या.”

वाटेत मला त्या दोघांचा इतका राग आला की बांधावरची तुरीची झाडे काठीने झोडपत आलो. घरी येईपर्यंत राग गेला नव्हता, पण तो त्यांच्यावरचा नाही हे कळायला लागले होते.

४ सप्टेंबर, शुक्रवार

परवा पोळा झाला, काल पोळ्यानंतरची कर झाली, आज अहवाल लिहिला. सहा कागद फाडले. पहिल्यात ‘पाण्यातील क्षारांमुळे’ एवढेच होते. ते खोटे नव्हते, पण त्यात माणूसच नव्हता. तिसऱ्यात इतके शिव्याशाप होते की ते वाचून कोणी मलाच डोके तपासून घ्यायला पाठवले असते. शेवटी पाठवला त्यातला उतारा इथे उतरवून ठेवतो:

‘मिश्रण फाटले ते जड व खाऱ्या पाण्यामुळे. बळीराम याने चोरी अगर भेसळ केली नाही. उलट हे पाणी निरुपयोगी असल्याचे त्याने निम्नस्वाक्षरीकारास काम सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते. गोड्या पाण्याची विहीर शेताला लागून असूनही तो अर्धा मैल दुरून खारे पाणी आणत होता, कारण त्या विहिरीवर त्याला व त्याच्या वस्तीला चढू दिले जात नाही. निम्नस्वाक्षरीकार त्याच विहिरीचे पाणी रोज पीत होता व त्याने ही गोष्ट कधी विचारली नाही. सबब अज्ञान निम्नस्वाक्षरीकाराचे आहे. बळीरामचे नाव यादीत पूर्ववत घ्यावे.’

बळीराम चौथीपर्यंत शिकलेला आहे. अक्षराला बोट लावून त्याने सगळा कागद वाचला, मग पुन्हा वाचला. ‘निम्नस्वाक्षरीकार’ म्हणजे कोण, ते विचारले. मी म्हणालो, मी.

“मंग ‘मी’ लिवा ना.”

मी म्हणालो, सरकारी भाषेत असेच लिहितात. “मंग येक प्रत मले द्या,” तो म्हणाला, “अन् तिच्यावर ‘मी’ लिवा.” दिली लिहून.

१० सप्टेंबर, गुरुवार

गट कचेरीतून दोन पत्रे एकदम आली. एकात बळीरामचे नाव यादीत घेतल्याचे कळवले आहे. दुसऱ्यात माझी बदली पांढरकवड्याकडे, ‘प्रशासकीय सोयीसाठी’, सोमवारी रुजू व्हावे. यादीचे पत्र घेऊन मी जवळजवळ धावतच वस्तीत गेलो. बळीरामने पत्र वाचले, घडी केली, टोपीत ठेवले. आणि मग दुसरा एक कागद माझ्यापुढे धरला.

त्याने अर्ज लिहिला होता. अस्पृश्यतेच्या कायद्याखाली, विहिरीबद्दल. चार पाने, स्वतःच्या हाताने. वस्तीतल्या एकवीस जणांच्या सह्या-अंगठे, इंदूबाईचा अंगठा सगळ्यांत वर. सोबत माझ्या अहवालाची प्रत टाचलेली. आणि शेवटी साक्षीदार म्हणून एकच नाव, माझे. पुढे लिहिले होते: ‘हे साहेब त्याच विहिरीचं पाणी सात हप्ते पेले, त्यायले कोनी अडवलं नाही. तुलना करून पाहावी.’

मी भडकलो. मला न विचारता? माझी बदली झाली आहे, वर सगळे नाराज आहेत, आणि आता कोर्टात पाटलिणीच्या समोर उभे राहून मी काय सांगायचे, की तिने मला पाणी पाजले तो गुन्हा? “तुझ्यासाठी मी नोकरी पणाला लावली, बळीराम, आणि तू...”

“माह्यासाठी?” तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. सगळी वस्ती दारात आली. “तुमी माह्यावर खोटं लिवलं होतं. थे खोडून खरं लिवलं. त्यात माह्यावर उपकार कोनता झाला जी? धा रोज मी आत होतो. माह्या पोराले शाळेत चोराचा पोरगा म्हन्ते. थे कुठून खोडसान?”

तो खाली बसला, दम घेतला आणि साध्या आवाजात म्हणाला, “कोर्टात इचारतीन, तुमी कोन्त्या हिरीचं पानी पेत होते. तुमी सांगसान?”

“सांगेन.”

“अन् बाई समोर बसून रडली तरी?”

मी विचार केला. खोटे बोलायचे नाही असे ठरवून विचार केला. तुळसाबाई रडेल. माझ्याकडे पाहून जेवलास का असे विचारायलाही ती कमी करणार नाही. आणि ते मला तिच्या कोणत्याही शिवीपेक्षा जड जाईल.

“तरीही.”

“मंग नुसतं तोंडानं नोको. सही करा.”

इंदूबाईने दौत आणून ठेवली. कागद मांडीवर घेतला. तुळसाबाईवर राग होता, साहेबांवर होता, बळीरामवर तर होताच, आणि माझ्यावर सगळ्यांत जास्त, त्यामुळे टाक धरवेना. सही वाकडी झाली, शाई फुटली. पगारपत्रकावरच्या सहीशी ती जुळणार नाही. उद्या पाटलिणीच्या वकिलाने म्हटले की ही सही या माणसाची नव्हेच, तर मी उभा राहून सांगेन की माझीच आहे.